सहा सूत

बाबा डेन्मार्कला, ओडेन्सला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर ते माझ्या टेबलाखाली उताणे पडलेले. फक्त पाय बाहेर. एका हातात मोबाइलचा टॉर्च, आणि दुसऱ्या हाताचं मधलं बोट टेबलाच्या पोटाशी एका सांध्यावरून मागे-पुढे फिरत होतं. मी काही बोलले नाही. चहा टाकला. चंद्रपूरच्या आमच्या घरात पोरांना अक्षरओळख व्हायच्या आधी एक गोष्ट कळलेली असे : बाबा लाकूड बघत असले की त्यांना हाक मारायची नाही.

चहाला उकळी फुटली तेव्हा आतून आवाज आला. "इथं काही लिहून हाय. डागून लिहिलंय."

काय लिहिलंय ते मला माहीत होतं. सहा महिन्यांपूर्वी मीही अशीच खाली सरकून ते वाचलं होतं. तापल्या ठशानं लाकडात उमटवलेली तीन नावं. कारखान्याचं नाव आंद्रेआस टुक, आर्किटेक्टचं नाव हान्स जे. वेग्नर, आणि खाली देशाचं.

मी वाचून दाखवलं. बाबा बाहेर आले, पाठ झटकली, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, "यातला सुतार कोणता?"

ते तीन महिने राहिले. व्हिसाच तेवढा होता. पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला ते तीन महिने पुरले नाहीत.

हे टेबल माझ्याकडे आलं ते एका रिकाम्या होत असलेल्या घरातून. इथे म्हातारं माणूस गेलं की मुलं घरातलं सामान विकायला काढतात. लोक येतात, बघतात, उचलून नेतात. त्या घरातले आजोबा शाळामास्तर होते. त्यांनी या टेबलावर चाळीसेक वर्षं वह्या तपासल्या. त्यांची मुलगी मला ते सांगत होती आणि सांगताना तिचा तळहात नकळत टेबलाच्या कडेवरून फिरत होता. वरच्या फळीवर उजव्या बाजूला कपांची वर्तुळं एकात एक अडकलेली. डावी बाजू खिडकीच्या उन्हानं उजळलेली. एका खणाची किल्ली हरवलेली. किंमत तिनं सांगितली ती माझ्या दीड महिन्याच्या भाड्याएवढी होती. हे वेग्नरचं आहे, असं तिनं दोनदा सांगितलं. मला तेव्हा वेग्नर म्हणजे एका प्रसिद्ध खुर्चीचा माणूस, एवढंच ठाऊक होतं. मी वरचा खण ओढला आणि नाक आत घातलं. जुनं तेल, चामडं, त्याखाली काहीतरी किंचित कडसर. बाबांच्या कारखान्यात शिरल्यावर पहिल्यांदा यायचा तोच वास, फक्त साठ-सत्तर वर्षांनी क्षीण झालेला. मी पैसे पाठवून दिले.

टेबलाचं वर्णन करायचं तर थोडक्यात होतं. पाय ओकचे, फिकट, गोल, खाली निमुळते होत गेलेले. वरची फळी आणि खणांची तोंडं सागाची. दोन्ही रंग मुद्दाम शेजारी ठेवलेले, एकमेकांत मिसळायचा प्रयत्न नाही. नक्षी नाही, पितळेचं काम नाही. लांबून पाहिलं तर माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांना ते 'साधं' वाटतं. पण आमच्या घरात 'साधं' हा शब्द कामाविषयी कोणी वापरत नसे. बाबा म्हणायचे, नक्षी चुका झाकते. सपाट काम काहीच झाकत नाही.

बाबांना पहिल्यांदा काय दिसलं तर टेबलाची पाठ. आपल्याकडे टेबल भिंतीला लावायचं असतं, म्हणून मागच्या बाजूला जे उरेल ते लाकूड, कधी आंबा, कधी नुसती प्लायवुड. इथे मागचा भागही तितकाच घासलेला, तशाच रेघांचा, कडा तशाच गोलवलेल्या. "हे पाय," ते म्हणाले, "मागूनबी पुढच्यासारखंच केलंय. भिंतीकडं तोंड करून बसायसाठी नाहीच हे." मग त्यांनी मला न विचारता टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं. मी सहा महिने ते चुकीच्या जागी ठेवलं होतं. आता दारातून येणाऱ्याला आधी टेबलाची पाठ दिसते, मग मी.

हान्स वेग्नर 2 एप्रिल 1914 रोजी टोंडर गावात जन्मला. डेन्मार्कच्या नैर्ऋत्य टोकाचं, जर्मन सीमेला टेकलेलं, सखल कुरणांमधलं हे गाव. तो जन्मला तेव्हा तर ते जर्मनीतच होतं. 1864 च्या युद्धात तो सगळा मुलूख डेन्मार्कच्या हातून गेला होता आणि 1920 च्या सार्वमतानंतर परत आला. म्हणजे सहाव्या वर्षी या मुलाचं गाव जागचं न हलता दुसऱ्या देशात गेलं. वडील चांभार, जोडे बनवणारे. घरालगतच दुकान. चामडं कापणं, टाका घालणं, पायाच्या मापाचा लाकडी साचा हातात धरणं, हे त्यानं पाहत पाहत आपलंसं केलं असणार. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा वेग्नरकडे माणूस म्हणून पाहायला लागले. "जोडेवाल्याचा पोरगा. मग त्याले माप कळणारच," ते म्हणाले. जोड्यात एका सुताची चूक झाली तर माणूस दिवसभर शिव्या देतो.

चौदाव्या वर्षी तो गावातल्या स्टालबर्ग नावाच्या उस्तादाकडे शिकायला लागला. विशीत लष्करी सेवेसाठी कोपनहेगनला गेला. 1936 ते 1938 तिथल्या कलाकारागिरीच्या शाळेत शिकला, मग ऑर्हूसच्या नव्या नगरभवनाचं फर्निचर करायला आर्ने याकोबसन आणि एरिक म्योलर यांच्याकडे गेला. पुढे स्वतःचं ऑफिस. 2007 साली 92 वर्षांचा होऊन तो गेला तोवर त्यानं पाचशेहून जास्त खुर्च्या रेखाटल्या होत्या. बाबांनी हा आकडा दोनदा विचारून घेतला. रेखाटल्या, की बनवल्या? रेखाटल्या, मी म्हटलं. पण हा माणूस आधी हातानं बनवायला शिकला आणि नंतर रेखाटायला. पाचास एक अशा मापात तो लाकडाच्या छोट्या छोट्या खुर्च्या स्वतः करून बघायचा.

डॅनिश भाषेत दोन शब्द आहेत. घराचं छप्पर, वासे, दारांच्या चौकटी करणारा तो 'त्योमरर'. टेबल, खुर्ची, कपाट करणारा तो 'स्नेडकर', म्हणताना 'स्नेकर' असं ऐकू येतं. दोन वेगळ्या विद्या, दोन वेगळी परीक्षापत्रं. आपल्याकडे दोन्हींना सुतार. बाबांनी शेजारच्या खेड्यांत घरांची आढी चढवली आहेत, देव्हारे केले आहेत, लग्नाचे पलंग केले आहेत, बैलगाडीची चाकं केली आहेत आणि एकदा, मला आठवतंय, माझ्या शाळेच्या प्रदर्शनासाठी पवनचक्की. "मग मी कोण म्हणायचा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन्ही. ते खूश झाले नाहीत. त्यांना एकच हवं होतं, स्नेडकर.

आणि तिसरा शब्द 'आर्किटेक्ट'. त्या काळी डेन्मार्कमध्ये फर्निचर रेखाटणाऱ्यालाही आर्किटेक्टच म्हणत, त्यानं आयुष्यात घर बांधलेलं नसलं तरी. टेबलाखालच्या ठशात वेग्नरच्या नावाआधी तेच आहे. एका लाकडावर दोन नावं डागायची ही रीत कुठून आली ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. 1927 साली कोपनहेगनच्या स्नेडकरांच्या संघानं आपल्या कामाचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. कारखान्यातलं स्वस्त फर्निचर बाजारात येत होतं, हातकामाच्या छोट्या कार्यशाळांना गिऱ्हाईक उरेना. पुढे या प्रदर्शनांची ओळखच अशी झाली की एक रेखाटणारा आणि एक बनवणारा अशी जोडी येई आणि दोघांची नावं शेजारी शेजारी लागत. दर वर्षी, थेट 1966 पर्यंत. वेग्नरची जोडी योहानेस हान्सन या उस्तादाशी जमली, आणि 1949 साली त्याच प्रदर्शनात ती गोल पाठीची खुर्ची आली, जी पुढे नुसतं 'द चेअर' म्हणून ओळखली गेली. 26 सप्टेंबर 1960 च्या टीव्हीवरच्या वादसभेत केनेडी आणि निक्सन यांना बसायला तीच खुर्ची होती.

बाबांना केनेडीत रस नव्हता. त्यांना त्या खुर्चीच्या पाठीत रस होता. पाठ आणि हात मिळून एकच लांब वळण आहे, पण लाकडाच्या रेषा तेवढ्या वळत नाहीत. ते तीन तुकड्यांतूनच करावं लागतं. म्हणजे दोन सांधे आले. पहिल्या खुर्च्यांत वेग्नरला ते सांधे बघवेनात, म्हणून त्यानं पाठीवर वेत गुंडाळून ते झाकले. नंतर त्यानं नागमोडी दातांचा, एकमेकांत बोटं गुंफल्यासारखा सांधा केला, आणि वेत काढून टाकला. सांधा उघडा. मी फोनवर फोटो मोठा करून दाखवला तेव्हा बाबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "पहिले लाजत होता," ते म्हणाले. "मग शिकला." मी वेग्नरवर बरंच वाचलं त्यानंतर. एवढं नेमकं मला कुठे सापडलं नाही.

पण माझं टेबल योहानेस हान्सनच्या कार्यशाळेतलं नाही, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. ते आहे आंद्रेआस टुकच्या कारखान्यातलं, आणि टुकचा कारखाना इथलाच, ओडेन्समधला. 1951 च्या सुमारास आयविन कोल क्रिस्टेन्सन नावाच्या एका विक्रेत्यानं पाच छोट्या कारखान्यांना एकत्र बांधलं आणि 'सालेस्को' उभी केली. प्रत्येकाला वेग्नरचंच काम, पण वाटून : ओडेन्सच्याच कार्ल हान्सनकडे खुर्च्या, टुककडे टेबलं, ग्येटामाकडे दिवाण आणि पलंग, एपी-स्टोलनकडे गादीच्या खुर्च्या, री-म्योबलरकडे कपाटं. कोणी कोणाच्या पायात पाय घालायचा नाही. एकाच माणसाच्या रेखाटनांतून पुरं घर भरावं, पण एकाही कारखान्याला सगळं यायची गरज पडू नये. मला ही मांडणी फार शहाणपणाची वाटते. मी यंत्रमानवांचे हात जोडणाऱ्या एका कंपनीत काम करते, आणि कामाची वाटणी कुठे करावी यावर आमच्या बैठकांचे तासन्‌तास जातात.

टुकचा कारखाना आता नाही. कार्ल हान्सन आहे, ओडेन्सबाहेर गेल्स्टेडला, आणि वेग्नरची 1949 मध्ये रेखाटलेली ती वाय आकाराच्या पाठीची खुर्ची तिथे अजून बनते. एकेका बैठकीला सुमारे 120 मीटर कागदी दोरी हातानं विणली जाते. टुकचं मात्र नाव उरलंय ते लोकांच्या घरांत, टेबलांच्या पोटाशी, जिथे सहसा कोणी बघत नाही.

आता सागाकडे येते, कारण बाबांचे आणि माझे सगळ्यात लांबलेले वाद त्यावरच झाले.

साग आमच्या घरात लाकूड नव्हता, हवामान होता. बाबा बल्लारशाच्या डेपोतल्या लिलावाला जात. ओंडक्यांच्या रांगा, प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याचा हातोड्यानं मारलेला शिक्का आणि नंबर. आरामशीनवर गेला की सगळ्यात आधी तो शिक्काच कापून बाजूला पडायचा. आम्ही पोरं ते गोल चकते उचलून आणायचो, त्यांच्यावर भातुकली मांडायचो. आलापल्लीचा साग म्हणजे बाबांच्या लेखी सागांचा साग. बाकी सगळं त्याच्यावरून खाली मोजायचं.

त्यामुळे टेबलावर नख फिरवून ते म्हणाले, "साग हाय. पण आपल्याकडचा नाही." कसं ओळखलं, ते मला सांगता आलं नाही त्यांना, रंग, रेघ, नखाला लागणारी चरबी. त्यांचं बरोबर असण्याचीच शक्यता मोठी. डेन्मार्कच्या फर्निचरात त्या काळी आलेला साग मुख्यतः थायलंडचा आणि ब्रह्मदेशचा. एवढ्याशा, थंड, बीच आणि ओकच्या देशाला साग कुठून सुचला, याची मुळं फार जुनी आहेत. नाकस्कोव गावचा हान्स निल्स आंदरसन हा दर्यावर्दी सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, जाऊन पोचला, आणि 1883 साली 'थून क्रामोम' नावाच्या जहाजात साग भरून तो लिव्हरपूलला घेऊन आला. जाताना सागवान, येताना कोळसा. त्या फेऱ्यांतून बँकॉकमध्ये त्याची पेढी उभी राहिली, आणि 1897 मध्ये कोपनहेगनला ईस्ट एशियाटिक कंपनी. दुसरं महायुद्ध संपल्यावर इथल्या कारखान्यांना लाकूड हवं होतं आणि वाट आधीच पडलेली होती.

डेन लोकांची आणि सागाच्या देशांची ओळख त्याहूनही जुनी. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं तरंगंबाडी 1620 पासून 1845 पर्यंत डॅनिश वसाहत होती. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य योहान केनिग तिथे वैद्य म्हणून राहून झाडं गोळा करायचा. सागाला शास्त्रीय नाव दिलं ते लिनियसच्या मुलानं : टेक्टोना ग्रँडिस. त्या 'टेक्टोना'त मल्याळम 'तेक्कु' दिसतो, आणि ग्रीक 'टेक्टॉन'ही ऐकू येतो, म्हणजे सुतार. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली, जणू ते उघडच होतं.

पण सयामच्या जंगलात काय व्हायचं ते मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. नदीतून न्यायचा तर आधी वाळवायला हवा, आणि एवढं मोठं झाड जमिनीवर पाडून वाळवण्यापेक्षा ते उभंच वाळवत. बुंध्याभोवती साल आणि त्याखालचं ओलं लाकूड कापून कडं पाडायचं. वरची पानं गळतात, रस चढणं थांबतं. दोन-तीन वर्षं झाड जागेवर मरून उभं राहायचं. मग पाडायचं. हत्तींनी ओढत नाल्यापर्यंत आणायचं आणि पावसाची वाट बघायची. पाऊस कमी झाला तर ओंडका तिथेच, पुढच्या वर्षापर्यंत. नदीला लागला की तराफे बांधून बँकॉककडे. एका ओंडक्याच्या या प्रवासात वर्षांमागून वर्षं जायची. माझं टेबल पन्नासच्या दशकातलं. त्यातल्या झाडाला कोणी कडं पाडलं, कोणता हत्ती, कोणता माहूत, ती नावं कुठल्याच ठशात नाहीत.

"आपल्याकडंबी जंगलात जाणाऱ्याचं नाव कोणी लिहीत नाही," बाबा म्हणाले. त्यांचे वडील आलापल्लीच्या जंगलात लाकूडतोडीला जात. हे मला माहीत होतं, पण एखादी बातमी माहीत असावी तसं. त्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा सांगितलं की आजोबा परत आले की त्यांच्या अंगाला महिनाभर सागाचा वास यायचा, आणि आजी त्यांना अंगणातच आंघोळ घालायची.

थायलंडनं 1988 च्या पुरांनंतर, 1989 मध्ये, नैसर्गिक जंगलातली तोडणी बंद केली. ब्रह्मदेशच्या सरकारी लाकूड कंपनीवर 2021 मध्ये युरोपीय संघानं निर्बंध घातले. म्हणजे असं टेबल त्याच लाकडाचं आज नव्यानं करायचं म्हटलं तर करता येणार नाही, आणि येऊही नये, असं मला वाटतं. जे झालं आहे ते जपून वापरणं तेवढं हातात आहे. मी ते नीट केलं नाही, हे आता लिहायला हवं.

टेबल आलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी कपांची वर्तुळं काढायला बसले. सुताराची मुलगी, मला घासकागद हातात धरता येतो. आधी तेल लावून पाहिलं, जाईनात. मग घासायला घेतलं. वर्तुळं फिकी होत गेली, माझा हात जोरात चालू लागला, आणि उजव्या कोपऱ्याशी तळहाताएवढ्या जागेत रंग एकदम पांढुरका झाला. खालून दुसरंच लाकूड वर आलं. मी थांबले, पण थांबण्यासारखं तेव्हा काही उरलं नव्हतं. वरची फळी सबंध सागाची नव्हतीच. तो एक पातळ पापुद्रा होता, मिलिमीटरहून कमी, आणि मी त्याच्या आरपार गेले होते. त्या जागेवर मी एक डायरी ठेवली. बाबा यायच्या आदल्या दिवशी ती डायरी बदलून मोठी ठेवली.

त्यांनी डायरी उचललीच. डोळ्यांनी नाही, हातानं बघितलं. तळवा फळीवरून फिरला, त्या कडेशी येऊन थबकला.

"कोणी केलं?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ बोट त्या कडेवर ठेवून होते. मग म्हणाले, "विनियर हाय तर."

त्या एका शब्दात त्यांची निराशा होती, आणि ती माझ्याबद्दल नव्हती. आपल्याकडे विनियर म्हणजे आत काहीतरी लपवलेलं. गिऱ्हाईकाला सागाचे पैसे लावून वर कागद चिकटवायचा. बाबांनी आयुष्यभर ज्या कामाला नाकारलं ते हेच. आणि ज्या टेबलाच्या पाठीचं त्यांनी काल तोंड भरून कौतुक केलं होतं, ते असं निघालं.

पुढचे चार-पाच दिवस ते टेबलाशी जवळजवळ भांडत होते. खण काढून बाहेर मांडले. कोपऱ्यांचे डव्हटेल सांधे मोजले. फळीच्या कडेला नख लावून पाहिलं तर चारी बाजूंनी सागाची भरीव पट्टी बसवलेली. पापुद्र्याची कड कुठेही उघडी नाही, मार लागतो तिथे सगळीकडे खरं लाकूड. पापुद्रेही कसेही चिकटवलेले नव्हते. एकाच ओंडक्यातून लागोपाठ काढलेले, पुस्तकाची पानं उलटावीत तसे शेजारी मांडलेले, त्यामुळे रेषा मधोमध येऊन आरशात बघितल्यासारख्या दोन्हीकडे जातात. मी माझ्या बाजूनं सांगत होते : इथे हिवाळ्यात घरं बंद असतात, आत गरम पाण्याच्या नळ्या, हवा कोरडीठाक. रुंद भरीव फळी अशा हवेत आकसते, पिळते. आणि एका ओंडक्यात एक टेबल करण्याऐवजी खूप टेबलं होतात, म्हणजे तेवढीच झाडं कमी. सागातली वाळू पात्याची धार खाते, त्याचं तेल सरस धरू देत नाही; इथल्या कारखान्यांनी कडक धातूच्या पात्यांनी कापायला शिकून, पुसून, दाबून ते जमवलं. ते सगळं ऐकायचे. मग म्हणायचे, "मी असतो तर भरीव केलं असतं." आजही त्यांचं मत तेच आहे. त्यांच्या हवेत, त्यांच्या लाकडात, ते बरोबरही आहे. मला त्यांचं मत बदलावंसं वाटलं नाही. पण एका संध्याकाळी त्यांनी स्वतःहून सांगितलं की हे फसवण्यासाठी केलेलं विनियर नाही. "फसवणारा कड उघडी ठेवतो. त्याले घाई असते."

माझ्या पांढऱ्या डागाला त्यांनी हात लावला नाही. रंग लावून देऊ का, असं मी विचारल्यावर नको म्हणाले. अडकणाऱ्या खणाला मात्र त्यांनी मेणबत्तीचं मेण घासलं, आणि तो आता एका बोटानं सरकतो.

जुलैत आम्ही टोंडरला गेलो. ब्रॅमिंगला गाडी बदलून रिबेवरून, खिडकीबाहेर जमीन सपाट सपाट होत जाते, शेवटी नुसतं गवत आणि आभाळ. गावात 1902 चा जुना पाण्याचा मनोरा आहे. 1995 पासून त्याच्या मजल्यांवर वेग्नरच्या खुर्च्या मांडल्या आहेत, त्यानं स्वतः आपल्या गावाला दिलेल्या 37. बाबांनी प्रत्येक खुर्चीची प्रदक्षिणा केली. पुढून फारसं बघितलंच नाही. वाकून, मागे जाऊन, पायांच्या मधून. तिथल्या बाईंना वाटलं त्यांचं काही पडलंय. मी सांगितलं की ते स्नेडकर आहेत. त्या हसल्या आणि त्यांनी बाबांशी हात मिळवला, आणि बाबांनी त्यांना डॅनिशमध्ये, तीन महिन्यांत शिकलेल्या चार शब्दांपैकी एक वापरून, 'ताक', म्हणजे धन्यवाद, म्हटलं.

सगळ्यात वरच्या मजल्यावर खिडक्यांतून ती कुरणं दूरवर दिसतात. बाबा तिथे खुर्चीत बसले. चांभाराचा पोरगा हेच बघत मोठा झाला असेल, मी म्हटलं. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले होते आणि अंगठे लाकडाच्या खालच्या बाजूला, जिथे ते अगदी हळू गोल होत जातं. "इथं," ते म्हणाले, "इथं कोणी बघत नाही. फक्त हात जातो." मग बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. परतीच्या गाडीत त्यांनी माझ्या वहीचं एक पान मागून घेतलं, आणि निमुळत्या पायाचं चित्र काढलं, अंदाजानं, खाली मापं न टाकता.

ऑगस्टच्या शेवटी ते गेले. सामानात त्यांनी माझी एक बारीक कानस मागून नेली, आणि ते पान.

परवा रात्री, म्हणजे चंद्रपुरात पहाटे, त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे कारखान्याचा बल्ब, त्याच्याभोवती भुसा उडताना दिसत होता. माझ्या भाच्याला दहावीच्या अभ्यासासाठी टेबल करतायत. साग डेपोतला, भरीव. पाय गोल, खाली निमुळते. मागची बाजूही घासली आहे, ती मला दाखवायला त्यांनी फोन उलटा धरला. मग म्हणाले, "खाली जाऊन बघ न माय, पायाचा खालचा टोकाशी व्यास किती. मी अंदाजानं धरलाय, जाड वाटते."

मी मोजपट्टी घेऊन टेबलाखाली शिरले. उताणी पडून, फोन छातीवर ठेवून. वर तो ठसा, तीन नावं. पायाच्या टोकाला पट्टी लावली, दोनदा वाचली. आणि मग त्यांनी विचारलं म्हणून फळीच्या कडेची ती भरीव पट्टीही मोजली.

"एकोणीस मिलिमीटर."

पलीकडे क्षणभर शांतता. ते इंचाच्या आठ भागांत हिशेब करत होते.

"म्हणजे सहा सूत," ते म्हणाले, आणि पेन्सिल कानामागून काढून लाकडावर खूण केली.